पाटी तीच, वाजवणारे नवे

न्यू ऑर्लीन्सच्या प्रिझर्व्हेशन हॉल या जॅझच्या अड्ड्यावर बार नाही, माइक नाही. पोपडे निघालेल्या भिंती, थोडे बाक, पुढे जमिनीवर उश्या. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. मला उशी मिळाली, तीही ट्रॉम्बोनवाल्याच्या पुढ्यात. त्याने नळी सरकवली की मी मान मागे घ्यायचो. क्लॅरिनेटवाल्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

सूर अगदीच परके वाटले नाहीत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तली पितळी वाद्यं आमच्या पिढीच्या कानांत मुरलेली. त्यांच्याकडे ट्रम्पेट वाजवणारा गोव्याचा चिक चॉकलेट लुई आर्मस्ट्राँगला गुरुस्थानी मानायचा, आणि आर्मस्ट्राँग याच शहरातला.

१९६१मध्ये ॲलन आणि सँड्रा जाफी या तरुण जोडप्याने हा हॉल हाती घेतला. रॉक अँड रोलच्या लाटेत जुन्या कृष्णवर्णीय वादकांना काम उरलं नव्हतं. लुइझियानात तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. इथे मात्र गोरे-काळे शेजारी बसून ऐकत. लवकरच हॉलचा बँड दौऱ्यांवर निघू लागला. ॲलन स्वतः ट्यूबा वाजवायचा.

मला सगळ्यांत भावते ती पियानोवाली स्वीट एमा बॅरेट. डोक्यावर लाल टोपी, पायात घुंगरं, ठेक्याबरोबर तीही वाजायची. १९६७मध्ये पक्षाघाताने डावी बाजू गेली, तरी बाई उजव्या हाताने वाजवत राहिली.

हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. या बँडचं तसंच आहे. ट्रम्पेटवाला पर्सी हम्फ्री आणि क्लॅरिनेटवाला विली हे भाऊ नव्वदीपर्यंत बँडमध्ये होते. १९८७मध्ये ॲलन गेला. पुढे मुलगा बेन बँडमध्ये आला आणि ट्यूबा वाजवू लागला. २००५च्या कॅटरिना वादळात शहर बुडालं, हॉलला टाळं लागलं. तो पुन्हा उघडला.

हॉलमध्ये फर्माइशींचे दर लिहिलेली जुनी पाटी आहे. ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ या गाण्याचा दर सगळ्यांत जास्त! रोज तेच वाजवायचं म्हणजे एवढा दंड हवाच.

२०१३मध्ये बँडने ‘दॅट्स इट!’ हा केवळ स्वतःच्या नव्या रचनांचा अल्बम काढला. जतन म्हणजे जुनंच उगाळणं, असं मानणाऱ्यांना ते खटकलं असेल. मला विचाराल तर बँडने हे आणखी आधी करायला हवं होतं. स्वीट एमाचं १९६४चं रेकॉर्डिंग आणि हा अल्बम, दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.