दिवा विझला, पण तेल पोचलं का?

या पानांवर लोणच्याच्या तेलाबद्दल आपण नेहमीच वाचतो. फोडींच्या वर बोटभर तेल हवं, नाही तर बुरशी आलीच म्हणून समजा. आज मी लिहिणार आहे ते मात्र गाडीच्या तेलाबद्दल. नाक मुरडू नका. तिथंही प्रश्न तोच आहे, तेल जिथं हवं तिथं पोचलं की नाही.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, नोटप्रेसमध्ये नोकरीला असताना घेतलेली. या गाडीचं आणि आपल्या नाशिक जिल्ह्याचं एक नातं आहे, ते बऱ्याच जणींना ठाऊक नसेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि मालेगावजवळ रावळगावला साखरेचा कारखाना काढणारेही तेच. म्हणजे लहानपणी चघळलेली रावळगावची गोळी आणि आमची गाडी एकाच घरच्या! कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट निघायला लागली, १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा नाना दिवसभर गप्पगप्प होते.

तर या गाडीचं इंजिन गेल्या वर्षी पूर्ण उघडून नव्यानं बांधलं. सिलिंडर बोअर केले, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी, क्रँक घासून आणला. खर्च ६८ हजार. नानांनी एक मुदतठेव मोडली. घाई अशासाठी, की पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते आणि आमची मुदत महिनाअखेरीला संपत होती. "पेठ रोडच्या आरटीओत पास झाली तर ठीक, नाही तर भंगारवाल्याला बोलवा," असं नानांनी सांगून टाकलेलं. त्र्याऐंशीव्या वर्षी माणूस असं बोलतो तेव्हा ते नुसतं गाडीबद्दल नसतं, हे घरातल्या सुनेला बरोबर कळतं.

गाडी घरी आली आणि चौथ्या दिवसापासून टिकटिक सुरू झाली. शिवणयंत्राला तेल नसलं की वाजतं ना, अगदी तस्सा आवाज. गंगापूर रोडनं भाजी घेऊन येताना मला तो पहिल्यांदा ऐकू आला. ह्यांना ऐकू येईना. नाना खाली आले, इंजिन चालू ठेवायला लावलं, काठीचं एक टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि दुसरं कानाला. म्हणाले, "सूनबाई, आवाज वरचा आहे. खालचा असता तर धडधड आली असती, तेव्हा मात्र देवच आठवावा लागला असता."

गॅरेजवाल्यानं टॅपेट जुळवून दिले. दोन दिवस गाडी गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा टिकटिक. पुन्हा गेलो. तो म्हणाला, "नवं इंजिन आहे, थोडं वाजणारच. हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसेल. आणि तेलाचा दिवा विझतोय ना? मग काळजी कसली?" वर तेल आणखी जाड घालायचा सल्ला दिला. हे म्हणाले, "ओळखीचा माणूस आहे, कशाला वाईटपणा घ्यायचा?" पण मला ते पटेना. एकदा जुळवलेली गोष्ट दोन दिवसांत पुन्हा सैल होते, म्हणजे तिथं काहीतरी झिजतंय. नवंकोरं सामान हजार किलोमीटर झिजू द्यायचं, हा कुठला न्याय?

शेवटी शेजारच्या वहिनींनी भद्रकालीतल्या एका वयस्कर मिस्त्रींचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. चाचा घरी आले, आधी चहा घेतला आणि मग मला जे समजावलं ते इतकं सोपं होतं, की पुस्तकात कोणी असं का लिहीत नाही कोण जाणे.

इंजिनाच्या तळाशी तेलाचं पातेलं असतं, त्याला चेंबर म्हणतात. त्यात जाळीतून पंप तेल ओढतो आणि मोठ्या नळीत ढकलतो. दाब फार झाला तर एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडून जादा तेल परत सोडतो, आपल्या कुकरच्या शिट्टीसारखाच. मोठ्या नळीतून तेल आधी खालच्या बेअरिंगांना जातं आणि मग एका बारीक वाटेनं वर, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांपर्यंत चढतं. आता आपल्या इमारतीतलं पाणी आठवा. खालच्या मजल्यांवर सगळ्यांनी नळ सोडले की वर धार येत नाही. तसंच खालची बेअरिंगं सैल असली की तेल तिथंच गळून जातं, दाब पडतो आणि वरचे कोरडे राहतात. पण समजा, खालचे नळ नीट आहेत आणि फक्त वर जाणारा पाइपच तुंबलाय, तर? तर खाली दाब चांगला दिसेल आणि वर थेंब येणार नाही. तेलाचा दिवा या खालच्या दाबावर चालतो. तो विझला म्हणजे खाली दाब आहे, एवढंच. नानांचं ब्लडप्रेशर मोजताना डॉक्टर एकदा म्हणाले होते, दाब म्हणजे रक्त सगळीकडे पोचल्याची पावती नव्हे. तेच हे.

मग चाचांनी एकेक करून पाहायला घेतलं. पट्टी काढून तेलाची पातळी पाहिली, बरोबर. तेलाला फेस नाही, म्हणजे पंप हवा ओढत नाही. तेलाचा थेंब बोटांवर चोळून उन्हात धरला, धातूची चमक नाही. दिव्याची कळ काढून त्या जागी काट्याचं मीटर लावलं. थंड इंजिनावर दाब भरपूर. मग मुंबई नाक्यापर्यंत चक्कर मारून इंजिन चांगलं तापवलं, कारण तापल्यावर तेल पातळ होतं आणि खरी परीक्षा तेव्हाच असते. उभ्या गाडीला १८ पौंड, ॲक्सिलरेटर दिल्यावर ४५. हजार फेऱ्यांमागे साधारण दहा पौंड दाब असला की जुन्या इंजिनाला पुरे, असा मिस्त्री लोकांचा हिशेब. म्हणजे पंप ठीक, बेअरिंगं ठीक. जाड तेल घालून काही साधणार नव्हतंच. तुंबलेल्या भोकातून ते आणखीच सावकाश गेलं असतं.

आता वरचं झाकण काढलं आणि इंजिन हळू चालू ठेवलं. (कोणाला असं वाकून पाहायची वेळ आली तर पदर किंवा ओढणी घट्ट खोचा, केस बांधा. पंख्याचा पट्टा कोणाची गय करत नाही.) रॉकरांवरून तेल ओघळायला हवं होतं. आठही रॉकर कोरडे, वरवर ओशट इतकंच. चाचा काही बोलले नाहीत, पण नानांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं.

रॉकरांचा दांडा सोडवला. प्लगांची वीज तोडून नुसत्या स्टार्टरनं इंजिन फिरवलं. हेडच्या ज्या भोकातून तेल वर यायला हवं, तिथं काही नाही. म्हणजे दांडा तुंबलेला नव्हता, अडथळा त्याच्याही खाली. दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं आणि चोर सापडला. गॅस्केट बसवताना कोणीतरी चिकट लेप सढळ हातानं चोपडला होता. दाबाखाली तो तेलाच्या भोकात शिरला आणि रबरासारखा घट्ट झाला. चाचांनी तारेनं ओढून काढला, तर जाड शेवेएवढा तुकडा! ६८ हजारांचं काम त्या तुकड्यापायी जाणार होतं. लेप लावणाऱ्याला वाटलं असेल, जास्त लावला की गळणार नाही. आपल्याकडेही पाट्यावर पीठ सांडेपर्यंत थापणाऱ्या असतातच.

हे म्हणाले, "चला, मिळालं. बंद करा आता." चाचा म्हणाले, "साहेब, एक तुकडा वर सापडला, तर त्याचे भाऊ खाली असतील." चेंबर उतरवायला आणखी एक दिवस आणि पैसे जाणार होते. मुदतीला नऊ दिवस राहिलेले. नाना एवढंच म्हणाले, "उतरवा." पंपाच्या जाळीत तसलेच तीन तुकडे निघाले. आणखी थोडे साचले असते तर खालचंही तेल तुटलं असतं, आणि मग ती धडधड.

रॉकरच्या दांड्यावर दोन ठिकाणी चरे पडले होते. नवा मुंबईहून मागवला. नवं गॅस्केट कोरडंच बसवलं. इंजिन लगेच सुरू केलं नाही. प्लग काढून ठेवून स्टार्टरनं थांबत थांबत फिरवलं. सगळ्या रॉकरांवर तेल ओघळताना दिसलं, तेव्हाच झाकण लागलं. नवं बांधलेलं इंजिन कोणाकडून घेताना हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. आणि चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर घर जवळ आलंय म्हणून पुढे रेटू नका, गाडी बाजूला घेऊन तिथंच बंद करा.

त्या आधीच्या गॅरेजवाल्याकडे हे स्वतः गेले, तो तुकडा रावळगाव गोळ्यांच्या जुन्या डबीत घालून. गॅस्केटचे पैसे तेवढे परत मिळाले.

मुदतीच्या दोन दिवस आधी पेठ रोडला गाडी पास झाली. गाडी ह्यांनी नेली, नाना शेजारी बसले, मागे मी. इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडायला सांगितलं, कान दिला आणि "आवाज छान आहे" म्हणाला. नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. पाचशे किलोमीटर झाले की तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचंय. आत्ता काटा तीनशे चाळीसवर आहे, आणि नाना दर रविवारी वणीला जायचं काढताहेत.