अडलेल्याचं घर घेताना

भाचा घरांच्या गुंतवणुकीत नव्यानं उतरतोय. "मावशी, विकायची घाई असलेला मालक शोधू कुठे?" असं त्यानं विचारलं.

शोधणं अवघड नाही. आपल्या सिडको-हडकोत जुनी घरं आहेत. कुठे मुलं पुण्यात स्थिरावलीत, कुठे वारसांना वाटणी हवी आहे. कर्ज थकलेलेही असतात. 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँकेच्या नोटिशीनंतर त्यांना 60 दिवस मिळतात. त्या मुदतीत बँकेच्या लेखी संमतीनं घर विकणं त्यांना लिलावापेक्षा बरं पडतं.

खरा प्रश्न भावाचा. रेडी रेकनरपेक्षा कमी किंमत लावली तरी मुद्रांक शुल्क रेकनरवरच बसतं. फरक दहा टक्क्यांहून जास्त असला, तर प्राप्तिकर खातं तो घेणाऱ्याचं उत्पन्न धरू शकतं.

हा झाला हिशेब. तत्त्वार्थसूत्रात खोटं माप हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितलाय. दुसऱ्याच्या अडचणीनं तराजू झुकवणं मला त्याच जातीचं वाटतं. परिग्रह-परिमाणातही पहिली नावं क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचीच येतात. किती घरं पुरेत, हे आधी ठरवावं.

भाच्याला एवढंच सांगितलं: कागद लवकर तपास, ठरल्या दिवशी पूर्ण पैसे चेकनं दे, सामान हलवायला त्यांना महिनाभर दे. लवकर पैसे देण्याबद्दल थोडी सूट माग. त्यांच्या अडचणीबद्दल मागू नकोस.