कुंडीतले लिंबू

माझ्या घराच्या सज्जात मातीच्या एका मोठ्या कुंडीत कागदी लिंबाचे झाड आहे. ते मी लावलेले नव्हे. वनस्पतींविषयीचे माझे ज्ञान काव्यातल्या लतावेलींपुरतेच. झाड माझ्या पत्नीचे. गेल्या वर्षी ती गेली, आणि तिच्या चीजवस्तूंबरोबर या काटेरी जीवाचे पालकत्व मजकडे आले.

मी ते निष्ठेने पत्करले. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. भर पावसाळ्यातही या नेमात खंड पडला नाही. काही दिवसांनी पाने पिवळी पडली, मग माना टाकून लोंबू लागली. झाड तहानले आहे याविषयी मला शंका उरली नाही, आणि मी दुपारचा तिसरा तांब्या सुरू केला. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट कळली नाही म्हणजे तीच दुप्पट विस्ताराने सांगायची, ही आम्हा प्राध्यापकांची जुनी खोड. ती कुंडीपाशी तरी कशी सुटावी?

शेवटी कॉलेजच्या वृद्ध माळ्याला बोलावणे धाडले. त्याने कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढले, तसा एक कुबट दर्प सज्जात पसरला. मुळे काळवंडली होती. बोटांत धरताच त्यांची साल सुटून येई. “साहेब, हे तहानेनं नाही, पाण्यानं मरतंय,” तो म्हणाला. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. सदा भिजलेल्या मातीत ती गुदमरून कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना भोवतीचे पाणी वर चढवता येत नाही. म्हणूनच पाण्यात बुडालेले झाड तहानलेल्यासारखे दिसते. लिंबाचे बागाईतदार तर बहार धरण्यापूर्वी मुद्दाम काही दिवस पाणी तोडतात. त्याला ते ताण देणे म्हणतात. माळ्याने कुजके छाटले, तळाच्या बुजलेल्या भोकावर खापरी ठेवली, मातीत जाड वाळू मिसळली आणि झाड पुन्हा उभे केले.

तो गेल्यावर मला पत्नीची एक लकब आठवली. पाणी घालण्यापूर्वी ती मातीत बोट खुपसून पाही. मी थट्टेने तिला वैद्यबुवा म्हणे. माती ओली लागली, तर ती भरला तांब्या परत नेई.

त्यापाठोपाठ दुसरेही आठवले. तिच्या अखेरच्या आजारात मी असाच तांब्या घेऊन उभा होतो. पेज, फळांचा रस, चमचाभर दूध, घटकेघटकेला काही ना काही मी तिच्या ओठांशी नेत असे. “पुरे आता. नुसतं बसा जवळ,” असे ती एकदा म्हणाली. मी बसलो नाही. मोसंबी पिळायला स्वयंपाकघरात गेलो. ते प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु आपण काहीतरी करीत आहो, या समाधानाची गरज तिच्यापेक्षा मलाच अधिक होती, हे आता नाकारता येत नाही.

झाडाला अद्याप फूल आलेले नाही. पाच नवी पाने मात्र फुटली आहेत. आज सकाळी सवयीने तांब्या भरून नेला आणि मातीत बोट घातले. दोन पेरांखाली ओल होती. तांब्या बाजूला ठेवला, आणि खुर्ची ओढून झाडापाशी थोडा वेळ नुसता बसलो.