सुटे वजन

कंधारला आजोबांचे किराणा दुकान होते. तराजूतले दोनशे ग्रॅमचे लोखंडी वजन मी गुपचूप उचलून बाभळीच्या गाडीत ठेवी. जड गाडी उतारावरून लांब पळे. संध्याकाळी परत करायचे म्हणून ते नुसते टेकवलेले असे. एकदा गाडी दगडाला धडकून थांबली. वजन थांबले नाही. धाकट्या भावाच्या भुवईला खोक पडली आणि वजनाचा टवका उडाला.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "हे आता मापाला चालायचं नाही, गिऱ्हाईकाला फसवल्यासारखं होईल. तूच ठेव. पण लेकरा, खाच कोर, वरून पाचर ठोक. काढायचं असलं तरी घट्टच बसवावं."

लातूरच्या वसतिगृहातील माझी खोलीही तीनच वर्षांची आहे. भाऊ भेटायला आला की त्याची भुवई पाहतो आणि ती पाचर आठवते.