राहुरीच्या वाटेवर ट्रॉलीची खरेदी

फ्रीज, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, झालंच तर दिवाळीच्या साड्या. आजवर माझी खरेदीतली अक्कल एवढ्यापुरतीच चालली. ट्रॅक्टरची ट्रॉली पाहायला मी जाईन, असं कोणी सांगितलं असतं तर हसले असते. पण ऐन हंगामात, पौष महिन्यात, गावाकडच्या जुन्या ट्रॉलीचा एक्सल मोडला आणि भाऊजींचा फोन आला, "वहिनी, दादाला पाठवून द्या. पैसे दोघांचे, तर पसंतीही दोघांची."

पैसे दोघांचे म्हणजे काय, तर आमच्या वाट्यासाठी माझ्या पाटल्या बँकेत तारण जाणार होत्या. म्हटलं, मग मीही येते!

नगर सोडलं (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडातून अजून नगरच जातं) आणि विळदचा घाट उतरलो की हवाच बदलते. आमच्याकडच्या कोरड्या माळावर कुसळं. इथे मुळा धरणाच्या पाटाचं पाणी, म्हणून दुतर्फा ऊस, कांदा, घास. १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची झाडी गेली की राहुरी आलीच.

आधी मळ्यात गेलो. पाथर्डीकडची टोळी तोडणीला आली होती. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्यारावरून! साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या बायका उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन भाड्याच्या ट्रॉलीत चढवत होत्या. ट्रॉलीला एक अरुंद फळी टेकवलेली. पंधरा-वीस किलोंची मोळी डोक्यावर, एका हाताने ती सावरायची आणि दवाने ओल्या फळीवरून वर जायचं. खाली आलं की पुन्हा दुसरी मोळी. थर चढत जातो, तशी फळीही उभी होत जाते. माझ्याच वयाची एक बाई घाम पुसत थांबली होती. आम्ही कशाला आलोय हे तिला टोळीत आधीच कळलं होतं. म्हणाली, "बाई, घ्यायचीच तर ठेंगणी घ्या. उंच ट्रॉलीनं मान मोडती आमची."

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी कारखानदाराच्या शेडमध्ये शिरले.

तिथे सगळं बोलणं भाऊजींशी आणि आमच्या ह्यांच्याशी. मला खुर्ची आणि चहा. तरी कान उघडे होते, त्यामुळे बरंच शिकले. दोन चाकांच्या ट्रॉलीचं काही ओझं ट्रॅक्टरच्या हुकावर येतं. माल फार पुढे भरला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, फार मागे भरला तर हुकच वर ओढला जातो. चार चाकांची आपल्या पायांवर उभी राहते, माल जास्त घेते, पण मागे घेताना चालवणाऱ्याची परीक्षा. हायड्रॉलिक असली की शेणखत, मुरूम आपोआप ओतला जातो. त्याचे पैसे अर्थात वेगळे. आणि ट्रॉलीची नोंदणीही ट्रॅक्टरपासून वेगळी करावी लागते, हे मला तिथेच कळलं.

मी हळूच विचारलं, "हौद्याची उंची किती?"

"वहिनी, उंच तेवढी चांगली. चिखलात पोट टेकत नाही."

त्याचंही खोटं नव्हतं. ओल्या रानात खालची ट्रॉली रुतते. मी गप्प बसले, पण पाटल्या माझ्या होत्या!

दुसरीकडचा भाव पाहायला म्हणून पुढे निघालो. प्रवरेचं पात्र ओलांडलं, कोल्हारला भगवतीमातेचं दर्शन घेतलं आणि लोणीला पोचलो. प्रवरानगरचा हा कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर तो उभा केला. गव्हाणीकडे उसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग. उसाखाली आधीच दोर टाकलेले असतात. क्रेनने ते उचलले की अख्खी ट्रॉली बघताबघता रिकामी. भरायला मात्र सकाळ गेलेली असते, तीही माणसांच्या मानेवर. उतरवायला यंत्र आहे, चढवायला फळी. मग उसासाठी हायड्रॉलिकचा खर्च कशाला? आमचं खत वर्षातून दोनदा जातं, ते फावड्याने निघेल.

परतीच्या वाटेवर मी हे बोलून दाखवलं. वाचलेल्या पैशात हौदा उंच करण्यापेक्षा लांब करा, तळ वीतभर खाली घ्या आणि चढायला रुंद, आडव्या पट्ट्या मारलेली लोखंडी फळी करून घ्या. भाऊजी हसले. बायकांच्या मानेचा मुद्दा त्यांना फारसा पटला नाही, खरं सांगते. पण खालची ट्रॉली पाटाच्या कडेला कलंडायची भीती कमी, हे त्यांनी स्वतःच काढलं आणि लगेच कबूल झाले. मी वाद घातला नाही. काम झाल्याशी कारण!

आणखी दोन गोष्टींवर मात्र अडून बसले. हुकाच्या पिनेबरोबर जाड साखळी हवी. आणि मागे लाल, बाजूला पिवळ्या चमकत्या पट्ट्या शेडमधूनच लावून हव्यात. "ते नंतर लावा की," कारखानदार म्हणाला. नंतर म्हणजे कधीच नाही, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको. रात्री रस्त्याकडेला उसाची काळी ट्रॉली उभी असते, मागून मोटारसायकलवाला येतो, त्याला ती दिसतच नाही. असे अपघात आपल्या जिल्ह्यात घरोघरी ऐकून माहीत आहेत.

दहाव्या दिवशी ट्रॉली मळ्यात आली. जाऊबाईंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, टोळीतल्या पोरांना खोबरं वाटलं. त्या पाथर्डीच्या बाईंनी नवी फळी लावली, पायाने दोनदा दाबून पाहिली आणि पहिली मोळी चढवली. खाली येऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "फळी ब्येस हाय. ट्रॉली अजून वीतभर खाली चालली असती."