विश्वास मोजायचा नसतो

राहुरी

चि. सोनूस,

 

तुझं पत्र मिळालं. ‘विश्वासानं तारण होतं हे लहानपणापासून ऐकत आले, पण माझा विश्वास तेवढा आहे कुठे?’ असं तू लिहितेस आणि म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारी देवळात जायचं टाळतेस. हे फोनवर बोलून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिताना तारणाचं सगळं श्रेय देवाच्या कृपेला दिलं आणि माणसाच्या फुशारकीला जागाच ठेवली नाही. आपण मात्र विश्वासाचंच पुण्यकर्म करून टाकतो. उपासतापासांच्या जागी तो बसवतो आणि पुरेसा साठला का, हे रोज तपासत राहतो. तसं असेल तर तारण पुन्हा आपल्याच कमाईवर आलं, बाळ!

द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला तुला पाठ आहे. तो आपल्याकडच्या चौकात उभा करून बघ. कांदाकाढणीच्या दिवसांत धट्टीकट्टी माणसं सकाळीच टेम्पोत बसून जातात. उन्हं चढली की उरतात ते म्हातारे, अंगानं खचलेले. भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं असतं. काम मिळालं नाही, तर ते कोणत्या तोंडानं सोडायचं? येशूच्या दाखल्यातला धनी दिवस कलता कलता अशांना बोलावतो आणि त्यांच्या हातावर पूर्ण दिवसाचा रोज ठेवतो. त्यांनी मजुरी ठरवून घेतली नव्हती. धन्याच्या शब्दावर ते निघाले, एवढंच. विश्वास म्हणजे हे निघणं. रोज मिळाला तो धन्याच्या उदारपणामुळे.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घे. नारायण वामन टिळकांना 1893 साली आगगाडीत एका अनोळखी प्रवाशानं नवा करार दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा हा कवी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. घर, गोत, मान सगळं मागं पडलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढं नगरला आल्या, तरी सोवळंओवळं आणि जातीची बंधनं त्यांच्या मनातून एका दिवसात गळाली नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे काहीही न लपवता सांगितलं आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, तो आपल्या याच राहुरीत. टिळक झेप घेऊन गेले, बाई ठेचकाळत, प्रश्न विचारत पोचल्या. दोघांना स्वीकारणारा प्रभू एकच, आणि त्यानं बाईंना पाच वर्षांचा उशीर का, असं विचारलं नाही.

मग चांगलं वागायचं कशाला, हा तू पत्रात लिहिलेला तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न. तो रास्तच आहे. याकोबानं तर कृतीशिवायचा विश्वास मेलेलाच ठरवला. पण आधी काय आणि मागून काय, हे नीट पाहा. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले, म्हणजे अवघी दोनेक वर्षं हाती होती. पगार सोडला म्हणून ते तारले गेले, असं मी मानत नाही. आपण तारले गेलो याची खात्री होती, म्हणून पगार सोडायचं भय उरलं नाही.

आणि हो, तुझ्या खोलीतल्या कॅथलिक मुलीची आजी सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाते, म्हणून तिचं तारण निराळं समजू नकोस. ल्यूथरनं 1517 मध्ये सुरू केलेला तारणाबद्दलचा वाद चारशे ऐंशीहून अधिक वर्षं चालला. पण 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथेरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एकत्र सही करून मान्य केलं की देव आपल्याला स्वीकारतो तो त्याच्या कृपेनं, आपल्या लायकीमुळे नव्हे. सगळे मतभेद काही मिटले नाहीत. पण मुळाशी दोघं एकत्र आले.

आता तुझ्या भीतीबद्दल. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठव. आजारी पोराला घेऊन तो येशूकडे आला, ‘विश्वास आहे’ म्हणाला आणि त्याच श्वासात आपल्या अविश्वासासाठी मदत मागितली. येशूनं त्याला आधी विश्वास वाढवून ये, असं सांगितलं नाही. पोराला त्याच वेळी बरं केलं. तुझी अर्धीमुर्धी प्रार्थनाही त्याला चालेल.

तेव्हा येत्या रविवारी देवळात जा. शंका घेऊन जा, पण जा. भाकर आणि प्याला पुढं आला की हात मागं घेऊ नकोस. आणि ज्या मैत्रिणीशी तू महिनोन् महिने अबोला धरला आहेस, तिला देवळातून परतल्यावर आधी फोन कर. तिनं माफी मागायची वाट पाहू नकोस, प्रभूनंही आपली पाहिली नव्हती.

तुझी,
आत्या