ग्रंथसूचींतील टीप

संशोधन म्हटलें म्हणजे बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें जाडजूड प्रबंध उभा राहतो. त्या प्रबंधाआधीं जी ग्रंथसूचि सिद्ध करावी लागते तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. शंकर गणेश दाते ह्यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची जी सूचि केली, तिच्यावांचून मराठी संशोधकाचें आजहि पान हलत नाहीं. परंतु पुस्तक कोणाचें व केव्हांचें एवढें कळल्यानें तें कशासाठीं उघडावें हें कळत नाहीं. म्हणून प्रत्येक नोंदीखालीं शंभर-दीडशे शब्दांची टीप असलेली सटीप सूचि हल्लीं विद्यार्थ्यांकडून मागतात. काम किरकोळ दिसतें. आमच्या घरांत मात्र त्यानें पंधरा दिवस चांगलीच खळबळ उडविली.

आमच्या पुतणीनें प्रबंधास विषय घेतला आहे तो डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या चरित्रांचा. आनंदीबाई १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास वारल्या. एवढ्याशा आयुष्यावर लेखन मात्र पुष्कळ झालें. मुलीनें वीस नोंदींची यादी टिपांसह आमच्यापुढें ठेवली. 'मोलाचें पुस्तक', 'हृदयस्पर्शी', 'अवश्य वाचावें' — ह्या टिपा पंचांगाखालीं लिहिल्या असत्या तरी शोभल्या असत्या! कांहीं तर संगणकाकडून लिहवून घेतलेल्या होत्या, व त्यांतील एक ग्रंथ कोणत्याच ग्रंथालयांत मिळेना. तो कोणी कधीं लिहिलाच नव्हता. ग्रंथ न वाचतां त्यावर बोलण्याची विद्या आमच्यांतील कित्येक सभाध्यक्षांना ह्या यंत्राच्या आधींपासून अवगत आहे, तेव्हां यंत्रालाच काय बोल लावावा? ती नोंद मुलीनें निमूटपणें खोडली.

आम्हीं तिला एवढेंच विचारलें, "हें लिहितांना लेखकापुढें काय होतें?" ह्या एका प्रश्नानें सगळी यादी हलली. कॅरोलाइन हीली डॉल ह्या अमेरिकन बाईंचें इंग्रजी चरित्र १८८८ चें. त्यांनीं आनंदीबाईंना प्रत्यक्ष पाहिलें होतें, त्यांच्याशीं त्या बोलल्या होत्या. पण मराठी घराच्या आंतलें बोलणें त्यांच्या कानांना परकें. काशीबाई कानिटकरांचें मराठी चरित्र त्याच्याच पाठीमागून, १८८९ सालीं निघालें. सासरच्या घरांत चोरून अक्षरें गिरवणाऱ्या बाईला काय सोसावें लागतें तें काशीबाईंना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. अमेरिकेंतील दिवस मात्र त्यांना पत्रांवरून उभे करावे लागले. म्हणजे एकीला जें दिसलें तें दुसरीला दिसणें कठीण. दोन्ही टिपा शेजारीं ठेवल्याशिवाय हें ध्यानांत येत नाहीं, आणि आमच्या मतें सटीप सूचीचें खरें काम हेंच.

वादाला तोंड फुटलें तें श्री. ज. जोशी ह्यांच्या 'आनंदी गोपाळ' वरून. मुलीनें तें चरित्रांच्या रांगेंत घातलें होतें. १९६८ ची ती कादंबरी आमच्या मातोश्रींनीं कितीदां वाचली असेल ह्याची गणती नाहीं. टिपेंत 'संवाद व प्रसंग कल्पित, चरित्राचा पुरावा म्हणून घेऊं नये' असें आलेलें ऐकतांच त्या म्हणाल्या, "म्हणजे मी इतकीं वर्षें खोट्यावर रडलें होय ग?" मुलगी गोरीमोरी झाली. "काका, टीप जरा मऊ करूं का?" असें तिनें आम्हांस हळूच विचारलें.

मऊ करूं नये असें आम्हीं सांगितलें. पण टीप अपुरी होती हेंहि खरें. कादंबरीवर खोटेपणाचा आरोप करण्याचें कारण नाहीं. तिनें आपण कादंबरी आहों हें कधीं लपविलें नाहीं. तिला चरित्र मानलें तें वाचकांनीं. तेव्हां दोन दिवस विचार करून मुलीनें पुढचें वाक्य जोडलें: 'आनंदीबाईंनीं काय केलें ह्यासाठीं नव्हे, तर १९६८ नंतरच्या महाराष्ट्रानें त्यांना कसें पाहिलें ह्यासाठीं हें पुस्तक अवश्य पाहावें.' एवढ्यानें नोंदीची जागा बदलली व तिचें मोलहि वाढलें. आम्हांस सबंध सूचींत हीच टीप सर्वांत आवडली.

मातोश्रींचें समाधान पुरतें झालें नाहीं. "मग तिच्या हातचें काय आहे, तें वाच," असा त्यांनीं हुकूम सोडला. गेल्या आठवड्यापासून रात्रीं जेवणें आटोपलीं कीं आजी व नात काशीबाईंचें पुस्तक घेऊन बसतात आणि पत्रांपाशीं आलें म्हणजे आजी पान उलटूं देत नाहींत. सूचींतल्या अकरा टिपा अजून लिहावयाच्या राहिल्या आहेत.